दाबोळीची विमानं १/७२ मध्ये : आधी साल ठरवा, मग डबा उघडा

वास्को_७२
गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर ज्यांची चाकं टेकली त्या विमानांची प्लॅस्टिक मॉडेलं एकाच मापात, एकाच फळीवर मांडायची, यासाठी हा धागा. माप १/७२, म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा भाग. सी हॉक, सी हॅरियर आणि सुपर कॉन्स्टेलेशन यांची किटं या मापात आहेत. फायरफ्लाय, व्हॅम्पायर मागाहून घेऊ.

फळी सुताराला सांगण्याआधी हिशेब करा. खरं विमान जितके मीटर, त्याला शंभराने गुणून ७२ ने भागलं की मॉडेल किती सेंटीमीटर ते कळतं. सी हॉकचा पंख टोकापासून टोकापर्यंत ११.८९ मीटर, म्हणजे मॉडेल १६.५ सेंमी. सी हॅरियर ७.७ मीटर, म्हणजे जेमतेम १०.७ सेंमी. नौदलाचं पाणबुडीविरोधी अलिझे १५.६ मीटर, म्हणजे २१.७. सुपर कॉन्स्टेलेशनचा पंख मात्र टोकाच्या टाक्या न धरताही ३७.४९ मीटर आहे, म्हणजे मॉडेल ५२ सेंमी रुंद आणि जवळपास तितकंच लांब. एक फूट खोलीच्या फळीवर ते मावत नाही. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी रेव्हेलचं १/१४४ घ्यावं, पण ते वेगळ्या फळीवर. मापांची सरमिसळ केली की हॅरियरची आणि कॉनीची (सुपर कॉन्स्टेलेशनची) तुलनाच मरते, आणि या रांगेत बघण्यासारखी गोष्ट तीच आहे.

आता मुद्द्याचं. किट विकत घेण्याआधी साल ठरवा. नौदलाची विमानं वीस-वीस, तीस-तीस वर्षं वापरात राहिली. त्या काळात शेपटी बदलली, रंग बदलले, क्षेपणास्त्रं बदलली, ज्या नौकेवरून ती उडाली ती नौकाही बदलली. आधी किट जोडून मागाहून साल शोधायला गेलात तर हमखास काहीतरी कापावं लागतं.

मांडवीकाठ
वास्कोबाब, सुरुवातीलाच एक विचारते. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात बाहेर जे सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, तेच १९६१ साली पोर्तुगीजांनी रात्री पळवलेलं, असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय. खरं आहे का?

तिसरी_शेपटी
नाही. ही दोन वेगळी विमानं आहेत, आणि ही गल्लत एकदाची संपली पाहिजे.

१८ डिसेंबर १९६१ ला विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली हवाई दलाच्या १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. काही मिनिटांत ६३,००० पौंड बॉम्ब पडले. मागून विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या आठ कॅनबेरांची दुसरी फेरी आली. विमानतळाच्या इमारतींना हात लावायचा नाही, असा हुकूम होता. तिथे उभी असलेली दोन मोठी प्रवासी विमानंही शाबूत राहिली. एक पोर्तुगालच्या टॅप कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन, दुसरं इथल्याच ‘ट्रान्सपोर्तेस आयेरेओस दा इंडिया पोर्तुगेझा’ (टीएआयपी) या कंपनीचं चार इंजिनांचं डग्लस. रात्री खड्डे जेमतेम बुजवून दोन्ही उडाली आणि निसटली.

बोगमाळोचं विमान आपलं आहे. ते आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं बीजी ५७९, आणि १९७६ नंतर नौदलाचं आयएन ३१५. दाबोळीच्या ३१२ स्क्वॉड्रनने ते समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरलं. पुढे १९८८ मध्ये याच स्क्वॉड्रनकडे तुपोलेव्ह १४२ आली.

म्हणजे हेलर कंपनीच्या एकाच १/७२ किटमधून दाबोळीची दोन विमानं होतात : १९६१ चं टॅपचं आणि १९७६ नंतरचं आयएन ३१५. ज्याला दोन किटं परवडतात त्याने दोन्ही करावीत आणि शेजारी ठेवावीत. एकच धावपट्टी, एकाच जातीचं विमान, पंधरा वर्षांचं अंतर.

फोंडेकर
त्याच जातीची आणखी एक गल्लत : ‘विक्रांतच्या सी हॉकनी दाबोळीवर बॉम्ब टाकले.’ नाही टाकले. विक्रांत त्या वेळी गोव्याबाहेर समुद्रात होती, पण दाबोळीवरचे हल्ले कॅनबेरांचे आणि बांबोळीच्या बिनतारी केंद्रावरचा हल्ला हवाई दलाच्या हंटर लढाऊ विमानांचा. सी हॉकनी बॉम्ब टाकले ते डिसेंबर १९७१ मध्ये, कॉक्स बाजार आणि चितगावला. १९६१ च्या देखाव्यात बॉम्ब लटकवलेला सी हॉक दाखवायचा नाही.

दुसरं म्हणजे १९६१ साली सी हॉक दाबोळीचा नव्हताच. आयएनएस हंसा (नौदलाचा हवाई तळ) ५ सप्टेंबर १९६१ ला तामिळनाडूतल्या सुलूरला सुरू झाली आणि दाबोळीला आली १९६४ मध्ये. आपल्या फळीवरच्या सी हॉकचं साल १९६४ च्या पुढचंच हवं.

वास्को_७२
आणि १९६४ च्या पुढे गेलात की शेपटीचा प्रश्न उभा राहतो. सी हॉकमध्ये सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

नौदलाकडे सी हॉक दोन वाटांनी आली. पहिली खेप ब्रिटनहून, एफजीए ६ च्या घडणीची, आखूड उभ्या शेपटीची. दुसरी खेप १९६६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरून सोडलेल्या २८ विमानांची, मार्क १०० आणि १०१. जर्मनांनी आपली विमानं बनवून घेताना उभी शेपटी आणि रडर (तिचा मागचा हलणारा भाग) उंच करून घेतलं होतं. म्हणजे १९६६ नंतर दाबोळीच्या एकाच रांगेत आखूड आणि उंच अशा दोन्ही शेपट्या उभ्या असायच्या.

हॉबी बॉसने १/७२ मध्ये दोन्ही वेगळ्या डब्यांत काढल्या आहेत : एक एफजीए ६, दुसरा मार्क १००/१०१. डब्यावरचं चित्र बघून घेऊ नका, नाव वाचून घ्या. तुम्ही ज्या क्रमांकाचं विमान करणार त्याचा बाजूने काढलेला फोटो आधी मिळवा. आडव्या शेपटीच्या वर उभ्या शेपटीचा किती भाग उरतो ते बघा. जर्मन विमानात तो भाग नजरेत भरण्याइतका लांब आहे. मोजपट्टी लावायचीही गरज पडत नाही.

क्रमांक एका फोटोतून आणि शेपटी दुसऱ्याच विमानाची, असं झालं तर जाणकार पहिलं बोट तिथेच ठेवतो.

आखूड शेपटीचं किट घेऊन उंच विमान करायचं असेल तर टोकाला प्लॅस्टिकचा तुकडा जोडून वाढवता येतं, पण रडरची रेघही वरपर्यंत नव्याने कोरावी लागते. दोन्ही किटं बाजारात असताना तो खटाटोप करू नये.

शिवोलीकर
सी हॉकबद्दल अजून दोन गोष्टी.

त्याच्या शेपटीच्या टोकाला धुराड्याचं भोक नाही. नीन इंजिन एकच आहे, पण त्याचा झोत मध्येच दुभागून दोन्ही बाजूंनी पंखाच्या मुळाशी, मागच्या कडेला बाहेर पडतो. त्यामुळे मागचं धड इंधनाला मोकळं मिळालं. मॉडेलमध्ये अडचण अशी की हवा आत घेणाऱ्या पुढच्या दोन तोंडांतून डोकावलं तर पोकळ धड आरपार दिसतं. धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी आतून मॅट काळा मारा आणि प्रत्येक तोंडामागे दोन सेंटीमीटरवर काळ्या कार्डाचा पडदा बसवा. धड बंद झाल्यावर ते करता येत नाही.

आणि नाकात वजन. पुढे चाक असलेलं विमान, वजन घातलं नाही तर शेपटीवर बसतं. वजन किती ते डब्यावरच्या आकड्यावर सोडू नका. धड, पंख, शेपटी मास्किंग टेपने कोरडंच जोडा. मुख्य चाकांची जागा जिथे येते तिथे दोन्ही पंखांखाली दोन पेन्सिली धरा. नाकावर टेपने शिसं वाढवत जा, नाक खाली झुकलं की थांबा, मग त्यात चौथाई भर घाला. रंग, पुट्टी आणि शेपटीचे बारीक भाग नंतर मागेच वजन वाढवतात, म्हणून ती चौथाई.

शिसं मडगावच्या किंवा वास्कोच्या बाजारात गळाचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. बारीक गोळ्या घ्या, त्या नाकाच्या कोपऱ्यात नीट बसतात.

मांडवीकाठ
त्या शिशाबद्दल सगळ्यांना कळकळीने सांगते : शिसं पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवू नका.

पांढऱ्या डिंकातून वाळताना आणि वाळल्यावरही थोडं अॅसिटिक अॅसिड सुटतं. बंद नाकात ते कोंडतं, शिशावर चढतं, आणि हवेतला ओलावा नि कार्बन डायॉक्साइड मिळून शिशाची पांढरी भुकटी होते. भुकटी मूळ शिशापेक्षा जास्त जागा व्यापते. दोन-तीन पावसाळ्यांनी नाकाचा जोड आतून उकलू लागतो. आधी रंगावर केसाएवढी रेघ दिसते, मग तिथे नख अडकतं, मग नाक फुटतं. तेव्हा दुरुस्तीला काही उरत नाही. आपल्या हवेत हे लवकर होतं.

शिसं दोन भागांच्या एपॉक्सीने बसवा, म्हणजे अराल्डाइटने. गोळ्या पूर्ण बुडतील इतकं घाला आणि २४ तास उघडं राहू द्या. शिसं टाळायचंच असेल तर स्टीलचे छर्रे चालतील, पण तेही एपॉक्सीत बुडलेले हवेत, नाहीतर गंजतात. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि त्यावर सँडपेपर अजिबात मारू नका.

फोंडेकर
बाय, हे वेगळं पान करून धाग्याच्या वर लावायला हवं. +१

डेकलवाला
रंगाकडे येतो. सी हॉकचे रंग ब्रिटिश नौदलाचेच : वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे (गडद करडा), खाली स्काय (फिकट हिरवट). वरच्यासाठी हम्ब्रोल १२३ किंवा मिस्टर हॉबी एच ३३३. खालच्यासाठी टॅमिया एक्सएफ २१ किंवा मिस्टर हॉबी एच ७४. एच ३३१ आणि एच ३३३ मध्ये गोंधळू नका. ३३१ म्हणजे डार्क सी ग्रे, एक छटा फिकट.

सी हॅरियर १९८३ ला आली तेव्हा वर तोच एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि खाली पांढरा होता. नंतर करड्या छटा बदलल्या, म्हणून हॅरियरलाही साल आधी.

खरी डोकेदुखी आपल्या गोल चिन्हाची. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. डेकलवरचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हावरचा, केशरी थर पातळ असतो. गडद करड्यावर बसला की तो विटकरी दिसतो, आणि पांढरा राखेच्या रंगाचा होतो. यावर उपाय :

चिन्हाच्या व्यासापेक्षा अर्धा मिलीमीटर लहान व्यासाचं वर्तुळ मास्किंग टेपमधून कंपासच्या पात्याने कापा. टेप विमानावर लावून त्या भोकातून पांढरा रंग दोन पातळ हातांत मारा. एक दिवस वाळू द्या. पांढऱ्याची कड वर उचललेली राहते, ती २००० नंबरच्या ओल्या कागदाने अलगद बसवा, नाहीतर डेकलखाली कंगोरा दिसतो. मग ग्लॉस क्लिअर, मग डेकल. पांढरं वर्तुळ लहानच हवं. ते एका बाजूने जरी बाहेर डोकावलं तरी ते झाकता येत नाही.

शिवोलीकर
जून ते सप्टेंबर रंगकाम करणाऱ्यांसाठी लिहा ना. दर पावसाळ्यात हाच प्रश्न येतो, लॅकर मारला की दुधाळ का होतो.

डेकलवाला
लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवेत ओलावा भरलेला असला की त्या थंड पृष्ठभागावर पाणी धरतं आणि थरात अडकतं. तो दुधाळपणा म्हणजे अडकलेलं पाणी. ग्लॉस क्लिअर आणि काळ्या रंगात तो जास्त दिसतो.

थिनर सावकाश उडेल असं करा. मिश्रणात रिटार्डर पाच ते दहा टक्के टाका, त्याहून जास्त घातलात तर थर कित्येक तास चिकट राहतो आणि धूळ धरतो. दाब १५ ते १८ पीएसआय. कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारी बाटली असतेच, पण पावसात ती अर्ध्या तासात थेंब गोळा करते. प्रत्येक हातामागे तिची चावी सोडून पाणी काढा. बाटली कॉम्प्रेसरला चिकटून असेल तर उपयोग कमी, कारण गरम हवा नळीत पुढे जाऊन थंड होते आणि पाणी तिथे धरतं. शक्य तितकी एअरब्रशजवळ बसवा.

आधीच दुधाळ झालं असेल तर खरवडू नका. कोरड्या दिवसाची वाट पाहा, थिनरमध्ये रिटार्डर घालून नुसतंच एक धुक्यासारखं हलकं फवारा. थर पुन्हा सैल होतो, पाणी निघून जातं, बहुतेक वेळा रंग परत येतो.

डेकलचे कागद सिलिका जेलसोबत झिपच्या पिशवीत ठेवा. निळी जेल गुलाबी झाली की ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर दोन तास, परत निळी होते. जुना डेकल असेल तर न वापरायचं एक अक्षर आधी पाण्यात टाकून पाहा. तुकडे झाले तर पूर्ण कागदावर ग्लॉस क्लिअरचा एक हात मारा, वाळवा, आणि मग प्रत्येक चिन्ह कडेने कापून वापरा.

तिसरी_शेपटी
सुपर कॉन्स्टेलेशनचं थोडक्यात. हेलरचा साचा जुना, रेघा उठावदार आहेत. सगळ्या कोरत बसू नका, जोडावर घासताना ज्या जातात तेवढ्याच कोरा.

या विमानाचं धड सरळ नळी नाही, माशासारखं वळलेलं आहे, म्हणून दोन भाग जोडताना पाठीवर पायरी येते. एकाच दमात चिकटवू नका. नाकाकडून दहा सेंटीमीटर, टेप, वाळू द्या, मग पुढचे दहा. तीन शेपट्यांसाठी पोस्टकार्डाचा साचा कापा आणि समोरून बघत बाहेरच्या दोन्ही शेपट्या सारख्या बसवा. एक अंशाचा फरकही लांबून कळतो.

इंजिन राइट आर ३३५०, टर्बो कंपाउंड. अठरा सिलिंडरांच्या धुरातून तीन टर्बाइन फिरायच्या आणि ती शक्ती परत दांड्याला मिळायची. एका टर्बाइनला सहा सिलिंडर. म्हणून काजळीचे डाग एकाच जागी नाही, प्रत्येक नासेलवर (इंजिनाच्या आवरणावर) तीन ठिकाणी येतात. डाग नुसते काळे नकोत. करडा-तपकिरी धुरकट रंग भरपूर थिनरने पातळ करून हवेच्या दिशेने मागे ओढा.

वास्को_७२
सी हॅरियर. पहिली तीन १६ डिसेंबर १९८३ ला दाबोळीला उतरली, ३०० स्क्वॉड्रन म्हणजे व्हाइट टायगर्स. एकूण २३ एकासनी आली : आधी सहा, मग दहा, मग सात. निरोप ११ मे २०१६ ला दाबोळीलाच. एअरफिक्सचं नवीन साच्याचं १/७२ किट एफआरएस १ चं आहे, आपलं एफआरएस ५१. बाहेरून पहिला फरक पंखाखाली : ब्रिटिशांचं क्षेपणास्त्र साइडवाइंडर, आपलं फ्रेंच मात्रा मॅजिक. मॅजिक २.७२ मीटर लांब, म्हणजे १/७२ मध्ये ३.८ सेंमी. मिराज २००० किंवा मिराज एफ १ च्या किटमधून उरलेलं मॅजिक बसतं. साइडवाइंडर लावून आपलं चिन्ह चिकटवलेली कितीतरी मॉडेलं दिसतात, आणि वाईट वाटतं, कारण बाकी काम सुंदर असतं.

शिवोलीकर
हॅरियरला आणखी तीन जागी घसरायला होतं.

इंजिनाचा झोत बाहेर सोडणाऱ्या चारही नळ्या एकाच यंत्रणेने एकत्र फिरतात. पुढच्या खाली आणि मागच्या मागे, असं कधीच नसतं. नळ्या चिकटवताना बाजूने पट्टी धरून चौघींचा कोन एक करा.

पुढच्या दोन नळ्यांतून पंख्याची थंड हवा येते, मागच्या दोनांतून जळलेला गरम झोत. म्हणून भाजलेला निळा-तपकिरी धातू फक्त मागच्यांना. पुढच्यांना अंगाचाच रंग.

आणि इंजिनाच्या तोंडाभोवतीची ती छोटी झाकणं. आत उघडणारी, पुढच्या कडेला बिजागरी असलेली. इंजिन बंद असताना वरच्या बाजूची झाकणं स्वतःच्या वजनाने आत लोंबतात, खालची तशीच मिटलेली राहतात. किटमध्ये सगळी उघडी किंवा सगळी बंद असतील तर उभ्या विमानासाठी वरची कापून आत झुकवा. काम अर्ध्या तासाचं, पण त्यानेच ते विमान फळीवर खरंच थांबल्यासारखं दिसतं.

चाकांचं : पुढचा आणि मधला पाय आधी चिकटवून रात्रभर ठेवा. पंखाच्या टोकाचे दोन पाय दुसऱ्या दिवशी, काचेवर ठेवून, सावकाश वाळणाऱ्या सिमेंटने. चारही एका दिवशी चिकटवले की एक हमखास हवेत राहतो.

फोंडेकर
नौकेच्या डेकचा तुकडा करणाऱ्यांसाठी : विक्रांतला स्की-जंप (डेकच्या टोकाचा उड्डाणाचा चढ) बसला १९८० च्या दशकाच्या शेवटी. त्याआधी विमान जोराने पुढे फेकणारा वाफेचा कॅटापल्ट होता. स्की-जंपवर उभा सी हॉक ही चूक आहे, त्या दोघांची गाठच पडली नाही. अलिझेलाही कॅटापल्ट लागायचा. तो गेल्यावर ती १९९१ पर्यंत किनाऱ्यावरूनच उडाली. म्हणजे अखेरच्या काळातली अलिझे करायची असेल तर डेक नको, दाबोळीचं काँक्रीट हवं.

मांडवीकाठ
बोगमाळोला फोटो काढायला जाणाऱ्यांनी इतकं लक्षात ठेवा. बाहेर उभी विमानं खाऱ्या वाऱ्यात असतात आणि वेळोवेळी रंगवली जातात. आकार, बिजागऱ्या, चाकांच्या खोबणी, पंखाची घडी यांसाठी ती सोन्यासारखी आहेत. रंगाची छटा आणि चिन्हाचा आकार मात्र त्यांच्यावरून घेऊ नका, वापरातल्या काळाचे फोटो पाहा. प्रत्येक फोटोत चाकाशेजारी तीस सेंटीमीटरची पट्टी उभी करा आणि दूर जाऊन झूमने काढा. जवळून मोबाइलने काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि मापं फसतात.

वास्को_७२
बरें. ज्यांनी ठरवलंय त्यांनी खाली फक्त तीन गोष्टी लिहा : विमान, क्रमांक, साल. माझं : सी हॅरियर, आयएन ६०१, १९८३, खाली पांढरा.

तिसरी_शेपटी
सुपर कॉन्स्टेलेशन, आयएन ३१५, १९७६. टॅपचं दुसरं किट मिळालं की तेही.

शिवोलीकर
सी हॉक, १९७१. शेपटीचा फोटो मिळेपर्यंत क्रमांक लिहीत नाही.